अंड्यामागचा कोंबडा

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिल्लं निघतात आणि त्यांतली साधारण निम्मी नर असतात. (पक्ष्यांत नर की मादी हे मादीच्या बीजावरून ठरतं, त्यामुळे कोंबड्याला दोष द्यायचीही सोय नाही.) दोनेक महिन्यांत तुरे लालबुंद होतात, शेपटीची पिसं वाकतात, एखादा घोगऱ्या आवाजात आरवून बघतो. इथून हिशेब सुरू होतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जादा ठेवले तर ते एकमेकांचे तुरे फोडतात आणि कोंबड्यांच्या पाठी पिसं जाऊन उघड्या पडतात.

गावातल्या घराला यावर कधी विचार करत बसावं लागलं नाही. कोकणात एक कोंबडा राखणदाराला बोललेला, एक गटारीचा, एक जावयाचा. उरलेले पाय बांधून आठवडी बाजारात. निर्णय कोणालाच घ्यावा लागत नसे. देवाने मागितला, पाहुणा आला, अमावास्या आली. सुरी धरणारा निमित्तमात्र. तरी रस्सा कुठून आला हे पोरासोरांनाही ठाऊक असे.

आता शहराच्या कडेला बंगले बांधलेले लोक हौसेने गावठी कोंबड्या पाळतात. हवं असतं अंडं. कोंबड्यालाही नाव ठेवलं जातं, आणि तो असतोही गोड: दाणा सापडला की स्वतः न गिळता चोचीने उचलून पुन्हा खाली टाकतो, कुकुक करत कोंबड्यांना बोलावतो. मग पहाटे चारच्या आरवण्यावर शेजारी बोलतात आणि ठरतं, ‘देऊन टाकू कुणाला तरी.’ तो कुणीतरी बहुधा माळी असतो. ‘कापू नकोस हं’ असं त्याला बजावलंही जातं. तो मान हलवतो. रविवारी काय होणार ते दोघांनाही कळलेलं असतं. दया आपल्या नावावर, सुरी माळ्याच्या हातात. ही वाटणी मला पटत नाही.

बाजारातलं अंडं यातून सुटतं असंही नाही. अंड्यांसाठीच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा भरतही नाही, म्हणून उबवणी केंद्रात एक दिवसाचा असतानाच त्याला मारतात. जर्मनीने २०२२ पासून हे कायद्याने बंद केलं. तिथे नर-मादी अंड्यातच ओळखतात. आपल्याकडे अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर जेवणाच्या पंगती रंगतात, पण ते घालणाऱ्या कोंबडीच्या भावाचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

दाण्याचा खर्च झेपत असेल तर नरांना वेगळं खुराडं करावं. कोंबड्या नजरेआड असल्या की ते बऱ्याचदा एकत्र नांदतात. झेपत नसेल तर आपल्याच अंगणात, आपल्या देखत कापून खावा. दोन्ही नको असेल तर अंडी बसवूच नयेत. तयार तलंगा विकत आणल्या की काम भागतं. फक्त त्यांचे भाऊ दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात कापले गेलेले असतात.