दुसऱ्याची माती

फाल्गुन संपत आला म्हणजे मार्गासनीच्या आसपासचे डोंगर दुरून अगदी उघडे दिसतात; परंतु जवळ जाऊन पाहावे, तो पळस व पांगारा फुललेला असतो, आंब्याचा मोहर गळून बारीक कैऱ्या धरलेल्या असतात, आणि करवंदीच्या जाळ्यांस पांढरी फुले आलेली असतात. ह्या दिवसांत मनुष्यासही आपले अंगण बरे करावे असे वाटू लागते. भाताची मळणी केव्हाच आटोपलेली असते, मृगास अजून अवकाश असतो, आणि हात थोडे मोकळे असतात. कोणी कुंपण नीट करितो, कोणी ओटा सारवितो, कोणी दगडांस चुना लावून ते वाटेच्या कडेने मांडितो. ही इच्छा चांगली आहे. ज्या झाडाने पोट भरत नाही त्यावर श्रम करणे हा केवळ डौल होय, असे काही मंडळी म्हणतात. परंतु ते मला पटत नाही. दारी मोगरा लावणारी बाई आपल्यापुरतेच काही करीत नाही; वाटेने जाणाऱ्या परक्यासही त्या सुवासाचा वाटा न मागता मिळतो.

तेव्हा बाग करावी की करू नये, ह्याविषयी माझ्या मनात संशय नाही. ती कशाची करावी, हा मात्र खरा प्रश्न आहे. आणि तो मला माझ्याच एका चुकीने शिकविला. म्हणून ती चूक वाचकांपुढे प्रथम मांडतो.

शाळेतील नोकरी संपवून मी गावी येऊन राहिलो, तेव्हा माझ्या घरापुढची जागा निव्वळ मुरमाड होती. कुदळ मारावी तो ठिणगी उडावी. मला उतावीळ झाली होती. दोन वर्षांमागे, शिमगा झाल्यावर, एका गृहस्थाने डोंगराच्या उतारावरील आपल्या मालकीच्या मालरानातून तांबडी माती काढून विकावयास आरंभ केला. जेसीबीने ती खरवडून काढावी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरावी, असा क्रम चालला होता. मी दोन ट्रॉल्या घेतल्या, आणि त्यांचा जो भाव ठरला तो रोख चुकविला. जास्वंद, झेंडू, गुलबक्षी, मोगरा, कर्दळ असे सारे लाविले. चार महिन्यांत बाग अशी उठली की, राजगडास जाणारे लोक साखरच्या फाट्यावर वळण्यापूर्वी थांबून तिजकडे पाहू लागले. मला मोठे समाधान वाटले.

आषाढात पावसाने जोर धरिला. ज्या उतारावरून माती काढली होती तेथे गवताचे मूळही उरले नव्हते. एका रात्री पाण्याने तेथे घळ पाडली, आणि उरलेला मुरूम व दगडगोटे वाहून खाली एका विधवा बाईच्या भाताच्या खाचरात आले. तिची लावणी होऊन आठच दिवस झाले होते. सबंध खाचर मुरमाखाली गेले.

ती बाई भांडावयास आली नाही. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई. रेशनची पिशवी घेऊन दारावरून चालली होती, ती उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, बाग लई झ्याक झाली तुमची. माती वळखीची दिसती.” इतके बोलून ती निघून गेली. त्या दिवसापासून त्या फुलांकडे मला सरळ पाहवेना.

माझ्या मनाने अर्थातच माझी वकिली केली. ते म्हणाले, तू चोरी केली नाहीस. माती ज्याची त्याने ती राजीखुशीने विकली. तू दाम मोजले. मग तुझ्याकडे दोष कोठे? हा युक्तिवाद वरवर भक्कम आहे, आणि बाजारात रोज ह्याच बळावर व्यवहार चालतात. परंतु ह्या सौद्यात बोलणारे दोघेच होते, आणि त्याचे फळ भोगणारे अधिक होते. खालच्या खाचराची धनीण त्या बोलण्यात नव्हती. पुढे ज्यांस त्या उतारावर गुरे चारावयाची आहेत ती मुलेही नव्हती. दोघे राजी झाले, एवढ्यानेच व्यवहार न्याय्य होत नाही. जे तेथे हजर नाहीत त्यांचेही म्हणणे कोणी तरी मनात आणिले पाहिजे.

मनाने दुसरा बचाव केला: दोन ट्रॉल्या म्हणजे एवढ्या मोठ्या डोंगरात काय? परंतु ही माती काय आहे ते पाहावे. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या तप्त शिलारसापासून झालेला आहे. तो पाषाण ऊन, पाऊस, मुळे व सूक्ष्म जीव ह्यांच्या योगाने झिजून त्याची एक इंचभर सुपीक माती होण्यास शेकडो वर्षे लागतात. चार्ल्स डार्विन ह्याने १८८१ साली गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एका एकरात दर वर्षी दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून निघून वर येते, असा हिशेब त्याने त्यात मांडिला आहे. इतक्या मुक्या मजुरांनी इतक्या काळात केलेले काम मी दोन खेपांत उचलून आणिले होते. आणि हल्ली ह्या खोऱ्यात शेतघरे पुष्कळ होत आहेत. प्रत्येकाने दोनच ट्रॉल्या घेतल्या, तरी डोंगराच्या अंगावर कातडी राहणार नाही.

ज्या राजगडाच्या छायेत आम्ही राहतो, त्या राज्याच्या रीतीत ह्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ इ.स. १७१५ च्या सुमाराचे आहे. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, ह्याविषयी त्यात सांगताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत असा सक्त निर्बंध आहे. कारण ती झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये. पुढे कारणही दिले आहे, आणि त्याचा आशय असा की, एकास दुःख देऊन केलेले काम करणाऱ्यासह लवकरच लयास जाते. हे आरमाराविषयी सांगितले आहे. राज्याचे रक्षण करणाऱ्या कामाविषयी! आणि माझी तर केवळ फुलबाग होती.

येथे कोणी विचारील: मग मनुष्याने बाहेरून काहीच आणू नये काय? तसे म्हटले तर आपल्या अंगणात काय शिल्लक राहील? झेंडू मेक्सिकोकडचा, पपई, मिरची व सीताफळ ही सारी अमेरिका खंडातील, पोर्तुगीज लोक ह्या किनाऱ्यास आल्यानंतर ती आपल्याकडे रुजली. आज झेंडूवाचून आपला एकही आनंदाचा प्रसंग पार पडत नाही. ह्या शंकेवर मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि मला असे वाटते की, जगात दोन प्रकारच्या वस्तू आहेत. काही वस्तू दिल्याने देणाऱ्याजवळ कमी होतात. आणि काही वस्तू दिल्याने कमी होत नाहीत, उलट वाढतात. बी, कलम, फांदी, विरजण आणि विद्या ह्या दुसऱ्या जातीच्या आहेत. माती आणि चैत्रातील पाणी ह्या पहिल्या जातीच्या आहेत. मेक्सिकोतून झेंडू आला म्हणून तेथील झेंडू उणा झाला नाही. परंतु उतारावरून जी माती माझ्या दारी आली, ती तेथे उणी झालीच.

विल्यम केरी ह्यांचे उदाहरण येथे फार समर्पक आहे. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापून प्रसिद्ध करणारे म्हणून आपण त्यांस ओळखतो. पण ते जन्माचे बागवान होते. बंगाल्यातील श्रीरामपूर येथे त्यांची मोठी बाग होती, आणि १८२० साली त्यांनी कलकत्त्यास शेती व बागाईत ह्यांच्या उन्नतीसाठी एक मंडळी स्थापिली. एकदा इंग्लंडातील एका स्नेह्याने त्यांस बियांची पिशवी पाठविली. बिया काढून घेतल्यावर पिशवीच्या तळाशी जी चिमूटभर माती राहिली होती, तीही फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी ती सावलीतील एका जागी झटकली. काही दिवसांनी तेथे त्यांच्या मायदेशातील डेझी नावाचे इवलेसे फूल उगवले, आणि त्यांस अपार आनंद झाला. हजारो कोसांवरून फक्त चिमूटभर माती आली, आणि बाग समृद्ध झाली. कारण आले ते बी होते.

तर मग माती कोठून आणावी? ती आणावयाची नसते, करावयाची असते. ही विद्या आपल्या लोकांस नवी नाही. आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. तेथे त्यांनी येथील शेतकऱ्यांच्या अनुभवास व चिनी लोकांच्या जुन्या रीतीस धरून कंपोस्ट खताची जी पद्धत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ ह्या नावाने जगभर गेली. आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकावर हॉवर्ड ह्यांच्या नावाबरोबर यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. तिचे सार खेड्यातील कोणासही जमेल असे आहे. पावसाचे पाणी साचणार नाही अशा उंच जागी तीन हात लांब, दोन हात रुंद व दीड हात खोल खड्डा घ्यावा. त्यात आपल्याच झाडांचा वाळलेला पाला, निंदलेले गवत व भाताचा पेंढा ह्यांचा थर द्यावा, त्यावर पाण्यात कालवलेले शेण, त्यावर मूठभर चुलीची राख व थोडी माती, पुन्हा पाला. ढीग ओलसर असावा, पण चिंब नसावा. मधून दोन-तीन वेळा तो खालीवर करावा, म्हणजे आत हवा खेळते आणि दुर्गंधी येत नाही. सुमारे तीन महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारे खत होते. शिमग्यास खड्डा भरावा, तो मृगास खत तयार! अंगण झाडून तो पाला पेटवून देण्याची जी आपली सवय आहे, तिने आपण आपलीच माती धुरातून घालवितो.

पाण्याचाही असाच विचार करावा. चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो, तेव्हा फुलांसाठी हंडा भरणे म्हणजे शेजारणीच्या हंड्यातले काढणे होय. परंतु मोरीचे पाणी तर रोजच वाहून जाते. त्यावर अळू, केळ व कर्दळ उत्तम पोसतात. आणि झाडांच्या बुंध्याशी पाल्याचे आच्छादन दिले, म्हणजे थोडक्या पाण्यात मोगराही तग धरतो. शोभेसाठी विकतची सामग्रीही नको. फुटके मडके, तेलाचा रिकामा डबा, आपल्याच बांधावरचे दगड आणि बांबूच्या कामट्यांचे कुंपण, ह्यांत नीटनेटकेपणा असला म्हणजे पुरे.

मी काय केले, तेही सांगितले पाहिजे. नाही तर हा उपदेश फुकाचा ठरेल. उचललेली माती उतारावर परत चिकटत नाही. चूक सुधारण्याविषयी जे कठोर सत्य आहे, ते मला तेव्हा कळले: घेतलेले जसेच्या तसे परत करिता येईलच असे नाही. आम्ही चौघांनी मिळून त्या बाईच्या खाचरातला मुरूम तीन दिवस उपसला, आणि घळीच्या तोंडाशी दगडांची ताल रचली. शेजाऱ्यांनी आपला उरलेला तरवा दिला, म्हणून खाचराचा अर्धा भाग पुन्हा लावता आला. त्या वर्षी तिला भात कमीच झाले, आणि त्याची भरपाई माझ्या अंगणातील कोणत्याही फुलाने होण्यासारखी नव्हती.

तेव्हापासून माझ्या घरी खड्डा आहे. अंगणाच्या ज्या भागात विकतची माती पडली नव्हती, तेथील मुरमात मी ते खत मिसळीत आहे. ह्या वसंतात त्या भागातील झाडे अद्याप खुजी आहेत, आणि वाटसरू पूर्वीसारखे थांबत नाहीत. केलेली माती सावकाश वाढते. आणलेल्या मातीसारखा तिचा थाट एका मोसमात होत नाही. पण परवा कुदळ मारिली, तेव्हा ठिणगी उडाली नाही. दोन गांडुळे निघाली.

गेल्या आठवड्यात ती बाई आली होती. मोगऱ्याची एक फांदी हवी म्हणाली. मी तीन दिल्या, आणि बरोबर घमेलेभर खत दिले. “एवढं कशापायी, गुरुजी?” असे तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही.

प्रिय वाचकहो, ह्या वसंतात आपण आपले अंगण अवश्य सजवा. परंतु घरात जे काही आणाल, मग ती माती असो, पाणी असो, की दुसरी कोणतीही वस्तू असो, ते उंबरठ्याशी थांबवून एकवार विचारा: हे जेथून आले, तेथे आता काय उरले आहे?