मापाचं स्वातंत्र्य

पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे. पायली बदलली म्हणून कणगीतलं धान्य घटत नसे. पण धान्य दुसऱ्या गावी न्यायचं तर मापांचा मेळ घालावा लागे. भौतिकशास्त्रातल्या गेज सममितीचं मर्म या मेळात आहे. माप अवकाशातल्या प्रत्येक बिंदूवर खुशाल निराळं घ्या. मग मेळ घालणारं काहीतरी हवंच. विद्युतचुंबकीय क्षेत्र ते काम करतं.

गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी १९१८ साली हे स्वातंत्र्य लांबीला दिलं. आइन्स्टाइन यांनी हरकत घेतली: तसं असतं तर अणूच्या वर्णरेषा त्याच्या आजवरच्या प्रवासावर ठरल्या असत्या. हरकत बिनतोड होती. पण विचार खरा होता, जागा चुकली होती. १९२९ मध्ये वाइल यांनी तोच विचार इलेक्ट्रॉनच्या तरंगाच्या कलेला लावला, म्हणजे तरंग चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्याला. तिथं तो टिकला. वाटेची आठवण लांबी ठेवत नाही, कला ठेवते.

प्रकाशातली ती आठवण बंगळूरला सापडली.

१९५६. एस. पंचरत्नम, वय २२, रामन संशोधन संस्थेत स्फटिकांतून जाणाऱ्या ध्रुवित, म्हणजे कंपनाची तऱ्हा ठरलेल्या, प्रकाशाचा अभ्यास करत होते. ध्रुवण निरनिराळं असलेल्या दोन शलाका समकल कधी म्हणायच्या? त्यांनी ठरवलं: एकत्र आल्यावर उजेड सर्वाधिक होतो तेव्हा. किती साधा नियम! आणि त्यातून निघालं ते विलक्षण. पहिली दुसरीशी समकल, दुसरी तिसरीशी. तरी तिसरी पहिलीशी समकल असेलच असं नाही.

आडवं ध्रुवण, मग ४५ अंशांत तिरपं, मग वर्तुळाकार, पुन्हा आडवं, अशी फेरी घ्या. प्रत्येक ध्रुवण एकेका बिंदूनं दाखवणाऱ्या प्वांकारे गोलावर हा त्रिकोण पृष्ठाचा आठवा हिस्सा व्यापतो. त्याच्या घनकोनाच्या, म्हणजे गोलाच्या केंद्रातून मोजलेल्या व्याप्तीच्या, निम्मा कलाफरक उरतो: ४५ अंश. वाटेतल्या थांब्यांवर कला कुठूनही मोजायला लागा, हे ४५ हलत नाहीत. आपल्या मर्जीतून निसटून जे उरतं, तेच निसर्गाचं.

पंचरत्नम १९६९ मध्ये ऑक्सफर्डला वारले, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. मायकल बेरी यांचा पुंजभौतिकीतला अशाच, फेरीतून उरणाऱ्या भूमितीय कलेचा लेख १९८४ चा. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी १९८६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्याचं पंचरत्नम यांच्या कामाशी नातं दाखवलं, तोवर तीस वर्षं उलटली होती. मग रामन संशोधन संस्थेतल्याच जोसेफ सॅम्युएल आणि राजेंद्र भंडारी यांनी १९८८ मध्ये सिद्ध केलं, की फेरी पुरी व्हायचीही गरज नाही. दोन टोकं अगदी परस्परविरुद्ध नसली, की पंचरत्नम यांच्याच नियमानं ती जोडता येतात, आणि अर्ध्या वाटेचाही कलाफरक सांगता येतो.