सेवेसाठी रजा : उपकार की हक्क?



घरात कुणी अंथरुणाला खिळले की पहिला प्रश्न डॉक्टरांचा असतो आणि दुसरा, 'रजा मिळेल का?' आपल्यातील काहींची मुले अमेरिकेत नोकरी करतात. तेथील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाचे काय उत्तर दिले, ते पाहू या.

तेथे वर्षभर नोकरी झालेल्या व ठरावीक तास भरलेल्या कामगाराला गंभीर आजारी नातलगाच्या सेवेसाठी वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते आणि नोकरी शाबूत राहते. पूर्वी हा नियम ५० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना लागू होता. १ जानेवारी २०२१ पासून तो ५ कामगार असलेल्या मालकालाही लागू झाला. आजी-आजोबा, नातवंडे व भावंडेही त्यात आली. २०२३ पासून तर रक्ताचे नाते नसलेल्या, पण घरच्यासारख्या एका व्यक्तीसाठीही ही रजा घेता येते.

लहान दुकानदार म्हणेल, 'पाचातला एक तीन महिने गेला, तर मी दुकान कसे चालवू?' त्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. परक्याच्या खिशातून दया दाखवणे सोपे असते.

येथे आपल्याला दयाळू शोमरोनीचा दाखला आठवतो. जखमी माणूस त्याचा कुणीही नव्हता. त्याने त्याच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले; पण खर्च उतारशाळेच्या मालकावर टाकला नाही. दोन दिनार दिले आणि अधिक लागल्यास परत येताना देईन, असे सांगितले. सेवा हे कर्तव्य आहेच, पण तिचा भार एकट्या दुसऱ्यावर ढकलू नये. कॅलिफोर्नियातही या रजेचा पगार मालकाने द्यावा, अशी सक्ती नाही. जवळच्या नातलगाच्या सेवेसाठी पगाराचा काही भाग २००४ पासून एका निधीतून मिळतो आणि त्या निधीत कामगारांची वर्गणी असते. भार वाटून घेतला, की उपकाराचा हक्क होतो. मागणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

आपल्या देशात २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पण आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईपर्यंत ती पोहोचत नाही. तिच्यासाठी मालक आपणच, आणि कायदाही आपणच.

तिची सासू इस्पितळात असताना आपण तिचे चार खाडे धरले का? 'उद्यापासून दुसरी बाई बघते' असे म्हणालो का? आपल्या आईच्या आजारपणात साहेबाने समजून घ्यावे, असे आपल्याला वाटते. मग तिच्याही आईला आई म्हणू या. या महिन्याचा पगार देताना खाडे मोजण्यापूर्वी आपण तिला एवढेच विचारू या, 'घरी सगळे बरे आहेत ना?'