बंदी उठली, नोंद राहिली

धामणगाव रेल्वेहून नागपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वर्धा नदीचा पूल ओलांडून पुलगावला लागते. धामणगावच्या परवानाधारक दुकानातून घेतलेला पव्वा या पुलावर कायद्याच्या लेखी वेगळी वस्तू होतो. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, अमरावतीत नाही. माणूस तोच, पिशवी तीच, पण पुलगावच्या फलाटावर तो आरोपी ठरू शकतो.

म्हणूनच, बंदी उठल्यावर जुन्या गुन्ह्यांबद्दल केला जाणारा ‘तेव्हा गुन्हा होता ना, मग नोंद राहणारच’ हा युक्तिवाद या काठावरून ऐकताना फार तोकडा वाटतो.

त्याची खरी परीक्षा चंद्रपुरात झाली. तिथे 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी लागू होती. 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. अवैध दारू बोकाळली, गुन्हेगारी वाढली, त्या धंद्यात बायका आणि लहान मुलेही ओढली गेली, अशी कारणे सरकारनेच दिली. ज्या धोरणाने ही माणसे धंद्यात ओढली गेली असे शासन स्वतः मान्य करते, त्या धोरणाखाली दाखल झालेले गुन्हे मात्र त्यांच्या नावावर तसेच राहिले. दुकाने उघडली म्हणून पोलीस ठाण्यातली जुनी नोंद आपोआप पुसली जात नाही. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरताना ती पुन्हा वर येते.

कायद्याचे जाणकार यावर दोन गोष्टी सांगतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत. कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधी झालेली शिक्षा टिकते, हे जुने तत्त्व आहे. शिवाय इथे कायदा रद्द झालेलाच नाही. 1949 चा दारूबंदी कायदा कायम आहे. चंद्रपुरात फक्त परवाने पुन्हा सुरू झाले. विनापरवाना विक्री आजही गुन्हाच आहे. तेव्हा सरसकट सगळे गुन्हे पुसा, ही मागणी टिकत नाही. ती करूही नये. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. विष विकणाऱ्याची नोंद राहिलीच पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेलेल्या श्रमिक एल्गार संघटनेच्या बायकांनी बंदी मागितली, ती घरात मार खाऊन. त्यांचा शब्द खोटा पाडण्यासाठी कुणाची नोंद पुसायची नाही.

पण अडचण दारूबंदी कायद्याच्या कलम 65 (ई) मध्येच आहे. विकणारा, विकत घेणारा आणि नुसता जवळ बाळगणारा, तिघेही त्या एकाच पोटकलमात बसतात. कागदावर कलमाचा आकडा तेवढा दिसतो. पेट्या उतरवून घेणारा ठोक विक्रेता आणि खिशात एक पव्वा सापडलेला मजूर यांच्यातला फरक त्या आकड्यात कुठेच नाही. मोकळे करायचे ते या मजुराला.

बंदी उठवताना अशी सुटका इतरत्र झाली आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1 जानेवारी 2020 ला गांजा कायदेशीर झाला. आदल्याच दिवशी गव्हर्नर प्रित्झकर यांनी किरकोळ गांजाच्या 11,017 शिक्षांना माफी दिली. कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 ला गांजा खुला केला आणि पुढच्या वर्षी नोंद बाजूला ठेवण्याची फुकट सोय केली, पण अर्जदारावर सोपवून: बोटांचे ठसे द्या, न्यायालयाचे कागद जमवा. पहिल्या दोन वर्षांत सुटका मिळालेल्यांचा आकडा हजाराच्या आतच राहिला. रोजंदारी बुडवून कागद गोळा करणे गरिबाला परवडत नाही. कॅनडात नाही, तर चंद्रपूरच्या मूल-सावलीत कुठून परवडेल?

जुन्या गुन्ह्यांतून माणसे सोडवण्याचे काम महाराष्ट्राला अपरिचित नाही. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकारने वेळोवेळी घेतले आहेत. प्रलंबित खटला सरकारी वकिलाला न्यायालयाच्या संमतीने मागे घेता येतो. झालेल्या शिक्षेसाठी घटनेच्या अनुच्छेद 161 खाली राज्यपालांचा माफीचा अधिकार आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाची दोषसिद्धीची नोंद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद तर बाल न्याय कायद्याच्या कलम 24 मध्येच आहे.

नोंद आपोआप जिरून जाईल, असे मानणाऱ्यांनी वऱ्हाडातल्या पारधी बेड्यावर जाऊन यावे. पारध्यांसारख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि संशय नव्या नावाने तिथेच राहिला. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी काढलेल्या शाळेचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ आहे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन तेव्हा 72 वर्षे झाली होती.

चंद्रपूरच्या त्या सहा वर्षांतले गुन्हे शासनाने स्वतः उघडून पाहावेत. केवळ पिण्याचे आणि स्वतःपुरती दारू बाळगण्याचे वेगळे काढावेत, आणि कुणाकडूनही अर्ज न मागता ते निकाली काढावेत.