निरोध: आवर कुणी घालायचा?

डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या आणि गांधीजींशी त्यावर बोलल्या. महादेवभाई देसाईंनी तो संवाद गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला. बाईंचा आग्रह साधनांचा, गांधीजींचा संयमाचा. नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला बायकांनी शिकावं, हे गांधीजींचं म्हणणं मला आजही मोलाचं वाटतं. पुरुषांपुढे मात्र त्यांनी ब्रह्मचर्य ठेवलं, आणि ते दिवसभर राबून घरी येणाऱ्या संसारी माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे साधनांची माहिती साध्या मराठीत देत होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. पुढे गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर केंद्रीय आरोग्यमंत्री असताना, १९६६ मध्ये, कुटुंबनियोजनाचं स्वतंत्र खातं झालं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय त्यांनीच १९६९ मध्ये उभं केलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९६८ मध्ये, सरकारने पाच पैशांना एक या दराने कंडोम बाजारात आणला होता. नाव ठेवलं ‘निरोध’. निरोध म्हणजे आवर घालणं. साधन आणि संयम एका शब्दात आले, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आज गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, निरोधचं पाकीट घरोघर पोहोचवते. ते हातात पडतं बाईच्या. ती ते लुगड्यांच्या घडीखाली ठेवते. वापरायचं ज्याला, तो तेव्हा बाहेर असतो किंवा मुद्दाम बाहेर जातो. कसं वापरायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि पुरुषाला हे उपजतच कळतं असं सगळे धरून चालतात. कळत नाही. वर्षभर दर वेळी अचूक वापर केला तर शंभरातल्या दोनेक जोडप्यांतच गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक जसं वापरतात तसं वापरलं तर तेरा जोडप्यांत. मधली अकरा जोडपी चुकीच्या किंवा अधूनमधून वापराची आहेत, रबराच्या दोषाची नव्हेत.

पहिली चूक वर्ध्याच्या उन्हाचीच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मोटारसायकलच्या डिक्कीत, पत्र्याखालच्या फळीवर किंवा खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने पडलेला कंडोम उष्णतेने आणि घर्षणाने कमकुवत होतो. म्हणून वेष्टनावरची मुदतीची तारीख बघावी. वेष्टन दाबलं की आत हवा जाणवली पाहिजे. कंडोम एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूची कड हाताने फाडावी, दातांनी नव्हे. लिंग ताठ झाल्यावर, पण संबंधाला सुरुवात होण्याआधीच, टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि कंडोम मुळापर्यंत उलगडावा. उलटा लागला तर तोच पलटून घालू नये, नवा घ्यावा. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नये. तेलाने लॅटेक्स विरतं. एकावर एक दोन घातल्याने दुप्पट संरक्षण मिळत नाही, ते घासून फाटण्याची भीतीच वाढते. वीर्यस्खलन झाल्यावर ताठरपणा जाण्याआधी, मुळाशी कड धरून बाहेर यावं. मग गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावं. फाटलाच तर गर्भ टाळण्याची तातडीची गोळी जमेल तितक्या लवकर, शक्यतो ७२ तासांच्या आत, घ्यावी. एचआयव्हीची शंका असेल तर त्याच मुदतीत सरकारी दवाखाना गाठावा. तिथले उपचार जितके लवकर सुरू होतील तितके उपयोगी.

यातली प्रत्येक पायरी काही क्षण थांबायला लावते. ऐन आवेगात थांबणं, बघणं, जोडीदाराचा विचार करणं. मला हा संयमच वाटतो, आणि संसारी पुरुषाला रोज जमेल असा. तो त्याच्याकडून कुणी मागितलाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते; कंडोमवर भिस्त असलेल्या ९.५ टक्के, आणि पुरुष नसबंदी जेमतेम ०.३ टक्के. टाके बाईच्या पोटावर पडतात.

आरोग्य सेवकांनी कंडोम कसा वापरायचा हे पारावर, पुरुषांच्या घोळक्यात, लाकडी नमुना हातात घेऊन दाखवावं. लग्न ठरलेल्या मुलाला घरातल्या काकाने किंवा थोरल्या भावाने सांगावं. आणि आशाताई पुढच्या खेपेला दारात आली की घरच्या पुरुषाने बाहेर न जाता स्वतः हात पुढे करून पाकीट घ्यावं, त्यावरची तारीख तिच्यासमोरच वाचावी.