जिंकलेले पैसे कोणाचे?



2024 च्या डिसेंबरमध्ये संत फ्रान्सिस झेविअर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आम्ही चौघे जुन्या गोव्याला गेलो होतो. दर्शन झाले, मिस्सा झाली. मुक्काम पणजीला होता. संध्याकाळी मांडवीच्या काठाने फिरताना दिव्यांनी झगमगणारी कॅसिनोची जहाजे दिसली. "एकदा बघायला काय हरकत आहे?" आमच्यातला एक जण म्हणाला. खरे सांगायचे तर चौघांच्याही मनात तेच होते. तिकिटे काढली आणि लहान बोटीतून जहाजावर गेलो.

आत रूलेटचे चाक फिरत होते. त्यावर शून्य ते छत्तीस असे 37 आकडे असतात आणि आपला आकडा लागला तर 35 पट बक्षीस मिळते. म्हणजे कॅसिनोचा फायदा चाकातच बसवलेला. पोकरचे तसे नाही. तिथे कॅसिनो स्वतः खेळत नाही. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि कॅसिनो त्यातून आपला वाटा काढून घेते. प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते आणि टेबलावर सर्वांचे मिळून पाच. हातात काही नसतानाही चेहरा निर्विकार ठेवून समोरच्याला घाबरवता आले, तरी डाव आपला.

चौघांनी वर्गणी काढली. आमच्यातला पत्त्यांत मुरलेला एक जण खेळायला बसला, आम्ही तिघे मागे उभे राहिलो. समोर पंचविशीचा एक तरुण होता. तो मधूनच उठून फोनवर बोलून येई. शेवटी त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. पत्ते उघडले. त्याच्या दोन जोड्या, आमचे पाचही पत्ते बदामाचे. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग जाता जाता आम्हालाच विचारले, "काका, परतीची बोट कुठून सुटते?"

तोपर्यंत तो मराठी आहे, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. इतका वेळ आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, पण फक्त पत्ते ओळखण्यासाठी.

रात्री खोलीवर वाद झाला. एक म्हणाला, "त्याने स्वखुशीने लावले. आपण काही चोरी केली नाही." हे खोटे नव्हते. पण दिलेल्या संमतीने सगळेच प्रश्न सुटतात का? गोवा सरकारने 1996 साली कायद्यात बदल करून जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट मोकळी केली आणि 2020 साली गोव्याच्याच रहिवाशांना तिथे खेळायला बंदी केली. आपल्या लेकराला जे नको, ते पाहुण्याच्या लेकराला कसे चालते? टेबलाशी आम्हीही तेच केले होते. आमचा मुलगा तिथे बसला असता, तर आम्ही त्याला हात धरून उठवले असते.

कुणी म्हणेल, मग आपल्या सणाच्या हाउझीचे काय? प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभा प्रत्येक पैजेला पाप म्हणत नाही. मथियाची निवड करताना प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ख्रिस्तसभेची कसोटी वेगळी आहे: खेळामुळे कुणाच्या घरची गरज मारली जाते का? आणि खेळणारा खेळाचा गुलाम होतो का? हाउझीचे तिकीट हरलेला माणूस हसत घरी जातो. पण हाउझीलाही ही कसोटी लावायला आपण कचरू नये.

क्रुसाखालच्या शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्यांच्या लेखी त्यात काही गैर नव्हते. त्यांचे डोळे अंगरख्यावर होते, एवढेच. वर, अगदी जवळ, एक माणूस प्राण सोडत होता.

सकाळी आम्ही जिंकलेले पैसे गरिबांच्या पेटीत टाकले. टाकताना दानाचे समाधान काही मिळाले नाही. ते पैसे आमच्या दृष्टीने दान नव्हतेच. परत करायचे होते, पण कोणाला, ते आम्ही विचारले नव्हते. त्याने बोट कुठे आहे ते विचारले, आम्ही बोट दाखवली. "बाळा, तुझे नाव काय?" एवढे विचारायला चौघांपैकी एकालाही सुचले नाही.