श्रेय, प्रेय आणि बैठक

तालमीत जिला बैठक म्हणतात आणि शाळेत जिला उठाबशी म्हणतात, त्या दोन क्रियांत गुडघ्यांच्या दृष्टीने फारसा भेद नाही. तालमीतला तरुण शंभर बैठका काढून प्रसन्न मुद्रेने घाम पुसतो. कान धरून वीस उठाबशा काढणारा विद्यार्थी मान खाली घालून जागेवर जातो. श्रम तोच, स्नायू तेच. भेद आहे तो केवळ मनाच्या नात्याचा. म्हणूनच व्यायाम हा वैद्यकाइतकाच नीतिशास्त्राचाही विषय आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

शरीरश्रमाची आणि शिक्षेची ही सांगड पुष्कळ जुनी आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट नामक इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी एक चक्र योजिले. त्याच्या पायऱ्या चढत राहावे, आणि वर मात्र कधीच पोहोचू नये! त्या चक्राचे नाव ‘ट्रेडमिल’. पुढे १८९८ च्या तुरुंगविषयक कायद्यानंतर इंग्लंडातून ते नाहीसे झाले. आजच्या व्यायामशाळेतील फिरता पट्टा हे निराळे यंत्र होय. परंतु नाव तेच आहे, आणि त्यावर धावणाऱ्या कित्येकांची मुद्रा पाहिली तर वृत्तीही फारशी बदललेली दिसत नाही. काल खाल्लेल्या दोन जिलब्यांचे प्रायश्चित्त आज भरावयाचे, मनगटावरील यंत्राने दहा हजार पावलांचा आकडा दाखविला की सुटका मानावयाची! वास्तविक हा आकडा कोणा ऋषीने वा शास्त्रज्ञाने प्रथम सांगितलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो रूढ झाला. चालणे हितकारक आहे, यात संशय नाही. परंतु जो मनुष्य आपल्या देहाकडे नित्य ऋणकोच्या नजरेने पाहतो, त्याला देहाविषयी स्नेह कसा वाटणार? आरशापुढे उभे राहून स्वतःची घृणा करू लागलेली मुले-मुली घरोघरी दिसतात. हा प्रश्न केवळ वजनाचा नव्हे, तो आत्मसन्मानाचा आहे.

कोणी म्हणेल, कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय हे दोन भिन्न मार्ग सांगितले आहेत; व्यायाम हे श्रेय आहे, तेथे प्रेयाची अपेक्षा कशाला? परंतु ते भिन्न आहेत म्हणून त्यांचा मिलाफ कधीच व्हावयाचा नाही, असे थोडेच ठरते? अॅरिस्टॉटलच्या मते तर सत्कृत्यात ज्याला आनंद वाटत नाही, तो खरा सज्जनच नव्हे. श्रेयाला सवयीने प्रेय करणे हेच शिक्षणाचे कार्य होय.

यावर आणखी एक आक्षेप संभवतो. आनंद नसला तरी शरीराला लाभ होतोच ना? होतो. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याची चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. ते काही हौसेने जिना चढत नव्हते. परंतु त्यांना चढविणारी नोकरी होती; खुर्चीवर बसून पोट भरणाऱ्या आपणांस चढविणारे कोणीच नाही. जे काम तिटकाऱ्याने करावयाचे, ते पहिल्या पावसाच्या सरीबरोबर सुटते. तेव्हा आनंद हा व्यायामाचा अलंकार नसून आधारस्तंभ आहे.

हा आनंद यावा कसा? ‘अष्टांगहृदया’त वाग्भटाने बलवानालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले आहे, तेही शीतकाळी व वसंतात, एरवी त्याहूनही कमी. या मर्यादेत मोठे मानसशास्त्र आहे. उरलेली अर्धी शक्ती उद्याची ओढ होऊन राहते. दुसरे साधन सोबतीचे. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी त्याला कधी व्यायाम म्हटले नाही. पण धाप लागेपर्यंत त्या फेर धरीत, आणि पुढच्या श्रावणाची वाट पाहत. तिसरे साधन कौशल्याचे. मल्लखांबावर पहिली पकड साधली, वा विहिरीत पहिल्यांदा आधार न घेता अंग तरले, म्हणजे जो हर्ष होतो, तो आकड्यांनी मोजता येत नाही. अर्थात पहिले काही दिवस रुक्षच जावयाचे. पेटी शिकणाऱ्याची बोटे तरी पहिल्या महिन्यात कोठे गातात? तेवढा धीर धरावा लागतो. त्यापुढे देहच आपली वेळ झाल्याची आठवण देऊ लागतो.

असो. घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलांना व्यायामाची सक्ती करण्यापूर्वी त्यांच्याबरोबर स्वतः चार पावले धावून पाहावे. ज्या देहाच्या सोबतीने सारा जन्म काढावयाचा, त्याची ओळख मुलाला प्रथम खेळगडी म्हणून व्हावी. कैदी म्हणून होऊ नये.